मुलांचे घराबाहेरचे खेळणे : नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

आपल्या मुलाला झाडापानांची, मातीची, किड्यामुंग्यांची ओढ लागावी असे पुष्कळ पालकांना मनापासून वाटते. पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. मनात प्रथम येते ती एखाद्या अभयारण्याची सहल किंवा सुटीतले निसर्ग शिबिर. त्यात गैर काहीच नाही. तरीही वर्षातून एकदोनदा पाहिलेल्या घनदाट जंगलापेक्षा रोजच्या पायाखालची, चार झाडे आणि थोडी मोकळी माती असलेली साधी जागा मुलाच्या मनात अधिक खोल रुजते, असे माझे ठाम मत आहे. पर्यावरणासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसांच्या मुलाखती लुईझ चौला या अभ्यासिकेने अमेरिकेत आणि नॉर्वेत घेतल्या. या ओढीचे मूळ सांगताना त्या माणसांच्या बोलण्यात दोन गोष्टी वारंवार आल्या : लहानपणी निसर्गाच्या सान्निध्यात घालवलेला वेळ, आणि घरातल्या मोठ्या माणसांचा प्रभाव. या दोन्ही गोष्टी कोणत्याही पालकाच्या आवाक्यात आहेत, आणि पुढील पायऱ्या त्यांच्याच आधाराने मांडल्या आहेत. साधारण दोन ते बारा वर्षांची मुले डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

पहिली पायरी : वेळ राखून ठेवा

घराबाहेरचा खेळ उरलेल्या वेळेत बसवायचे ठरवले, तर तो कधीच बसत नाही. म्हणून सर्वप्रथम दिवसातली एक वेळ त्यासाठी मोकळी करावी आणि जेवणाची किंवा झोपेची वेळ जशी आपण सहसा ढळू देत नाही, तशीच तीही पाळावी. प्रारंभी अर्धा तास पुरेसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल हवी. तीन आणि चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यांपैकी किमान 60 मिनिटे दम लागेल अशा हालचालीची असावीत. पाच ते सतरा वर्षे वयासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल सांगितलेली आहे. हे आकडे वाचून दडपण येऊ देऊ नये. धावणे, चढणे, ओढणे, खणणे यांत मूल रमले की ही मिनिटे मोजावी लागत नाहीत.

घराबाहेरच्या वेळेचे आणखी एक कारण पालकांना सहसा ठाऊक नसते, ते डोळ्यांचे. घरातला प्रकाश साधारणपणे 100 ते 500 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतकाच असतो, तर उघड्यावर भर दिवसा तो 10,000 लक्सच्याही बराच वर जातो आणि झाडाच्या सावलीतही घरापेक्षा कितीतरी अधिक असतो. चीनमधील ग्वांगझू येथे शाळकरी मुलांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, काही शाळांमध्ये रोज 40 मिनिटांचा घराबाहेरचा तास जादा घेतला गेला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतील 30.4 टक्के मुलांना लघुदृष्टिदोष (दूरचे अस्पष्ट दिसणे) जडला होता, तर इतर शाळांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. उजेडामुळे डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचे रसायन अधिक स्रवते आणि त्याने नेत्रगोलाची लांबी वाढणे आटोक्यात राहते, असा यामागचा तर्क मांडला जातो. चष्मा असलेल्या पालकांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे.

दुसरी पायरी : जागा निवडा आणि तीच ठेवा

जागा घरापासून पायी दहा मिनिटांच्या आत असावी, कारण गाडी काढावी लागेल अशा ठिकाणी रोज जाणे होत नाही. बागेचा दुर्लक्षित कोपरा, इमारतीमागची रिकामी पट्टी, शाळेच्या मैदानाची कड, ओढ्याकाठचा चढ यांपैकी काहीही चालेल. पाहायचे ते एवढेच की खणता येईल अशी माती, थोडा पाचोळा, निदान एखादे मोठे झाड आणि मुलाला थोडेफार लपता येईल असा आडोसा तेथे आहे का. कापून सपाट केलेली हिरवळ दिसायला नीटस असते, परंतु तिथे मुलाच्या हाताला काही लागत नाही. उंचसखल, थोडी अस्ताव्यस्त जागाच खेळाला अधिक पोषक ठरते.

मुलाला नेण्यापूर्वी तेथे एकदा एकट्याने जाऊन यावे. फुटलेल्या काचा, गंजलेल्या तारा, उघडी विजेची जोडणी, झाकण नसलेली टाकी किंवा खड्डा, वाळून लोंबणारी फांदी, मधमाश्यांचे किंवा गांधीलमाश्यांचे पोळे आणि रस्त्याकडे उघडणारी बाजू हे सगळे पाहून घ्यावे. काढता येण्याजोगे असेल ते काढावे. नसेल, तर दुसरी जागा पाहावी. ही पाहणी जितकी कसून होईल, तितके नंतर मुलाच्या मागे धावावे लागत नाही.

एकदा जागा ठरली की ती सहसा बदलू नये. रोज तेथेच गेल्यामुळे मुलाला कालचे आणि आजचे यांतला फरक कळू लागतो. काल बंद असलेली कळी आज उमललेली असते, पावसानंतर वाळवी उडालेली असते, फांदीवरचे घरटे अर्धवट राहिलेले असते. नव्या जागेत मूल पाहुण्यासारखे वावरते, तर ओळखीच्या जागेत ते घरचे होते.

तिसरी पायरी : कपडे आणि पिशवी

येथे फार विचार करण्याचे कारण नाही. मळले तरी चालतील असे कपडे, बोटे झाकणारी चप्पल किंवा बूट, डास आणि गोचिडी असतील तेथे पूर्ण बाह्या व पूर्ण विजार, उन्हात टोपी. पिशवीत पिण्याचे पाणी, हात धुण्याचा साबण, छोटे रुमाल, जखम धुऊन बांधण्यापुरते साहित्य आणि कपड्यांचा एक जादा जोड. कपडे मळल्याबद्दल मुलाला एकदाही बोलू नये, कारण त्या एका बोलण्याने ते चिखलाला हात लावणे सोडते.

चौथी पायरी : सुरुवातीचे दिवस काहीही शिकवू नका

या पायरीवर बहुतेक पालक अडखळतात, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. घरात वा शाळेत मुलाला पुढे काय करायचे ते सतत कोणीतरी सांगत असते. मोकळ्या जागी आणून सोडल्यावर ते पहिली दहापंधरा मिनिटे गोंधळते, आपल्याभोवती घुटमळते, “आता काय करू?” असे विचारते, कंटाळा आला म्हणून परत जायचा हट्ट धरते. अशा वेळी चटकन एखादा खेळ सुचवण्याचा मोह होतो. तो आवरावा. शांतपणे “थोडा वेळ बसू या, मग बघू” एवढेच म्हणावे आणि आपण खरोखरच बसावे. हा कंटाळा ओलांडला जातो तेव्हा मूल आपसूक एखादी काडी उचलते, मातीत रेघ ओढते, दगड उलटून पाहते, आणि तेथून त्याचा स्वतःचा खेळ सुरू होतो. काही मुलांना यासाठी दोनचार दिवस लागतात, तर सतत पडद्यासमोर बसणाऱ्या मुलांना त्याहून अधिक. तोवर धीर धरावा लागतो, त्याला दुसरा उपाय नाही.

या काळात पालकाचे काम म्हणजे जवळ असणे. हाकेच्या अंतरावर, परंतु खेळाच्या बाहेर. मोबाइल पिशवीतच ठेवावा. आपणही झाडाला टेकून बसावे, वर पाहावे, एखादे पान हातात घेऊन निरखावे. आपण स्वतः मोबाइलमध्ये बुडालो, तर ही जागा पाहण्यासारखी नाही हेच मूल आपल्याकडून शिकते. छायाचित्रे काढण्याचा मोहही टाळावा, कारण कॅमेरा समोर आला की खेळणारे मूल खेळ थांबवून दाखवू लागते.

मुलाने काही आणून दाखवले, तर लगेच नाव आणि माहिती सांगू नये. “हे तुला कुठे सापडले?”, “याला पाय किती आहेत, मोजू या का?”, “हाताला कसे लागते?” असे प्रश्न त्याला पुन्हा त्या वस्तूकडे नेतात. नावे अवश्य सांगावीत, पण मुलाने विचारल्यावर. 2002 मध्ये इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या पाहणीत आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनमधील काल्पनिक प्राण्यांपैकी जवळजवळ 80 टक्के ओळखता आले, तर आसपासच्या खऱ्या झाडा-प्राण्यांपैकी जेमतेम निम्मे. या आकड्यांतून मला दिसते ते हे की मुलांची स्मरणशक्ती आणि हौस दोन्ही भरपूर आहेत. जे त्यांच्यासमोर रोज येते त्याची नावे ती आपणहून गोळा करतात.

पाचवी पायरी : खेळणी घरी ठेवा, सुटे साहित्य मिळू द्या

काड्या, दगड, बिया, सुकी पाने, साल, माती, पाणी, दोरीचा तुकडा, जुनी चादर, रिकामे डबे यांना सुटे साहित्य म्हणता येईल. ज्या वस्तूंचा उपयोग आधीच ठरलेला नाही अशा वस्तू जितक्या अधिक, तितकी कल्पकता अधिक, हा विचार कलाकार सायमन निकल्सन यांनी 1971 मध्ये मांडला. त्याआधीच, 1943 मध्ये, डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे फळ्या, विटा, दोऱ्या अशा टाकाऊ सामानाचे मैदान मुलांसाठी उभे राहिले होते. उद्यानरचनाकार कार्ल थिओडोर सोरेन्सन यांनी पाहिले होते की आखीव बागांपेक्षा बांधकामाच्या ठिकाणी पडलेल्या सामानातच मुले अधिक रमतात.

पालकाने करायचे ते इतकेच की सुरुवातीला थोडे साहित्य त्या जागी नेऊन ठेवावे आणि त्याचे काय करायचे ते सांगू नये. चादर आणि दोरी मिळाली की खोपटे उभे राहतेच. ते वेडेवाकडे झाले म्हणून आपण सरळ करू लागलो, तर ते आपले होते, मुलाचे राहत नाही. जिवंत फांद्या तोडू नयेत, घरटी हलवू नयेत आणि खेळून झाल्यावर प्लास्टिक किंवा दोरी मागे राहू देऊ नये, हे नियम मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट असावेत.

सहावी पायरी : धोका कोणता आणि जोखीम कोणती, हे ठरवा

मुलांना घराबाहेर न सोडण्याचे सर्वांत मोठे कारण भीती हे आहे, आणि ती भीती खोटी म्हणून उडवून लावणे बरोबर नाही. तिचे दोन भाग करावेत. जो मुलाला दिसत नाही किंवा ज्याचा अंदाज त्याला बांधता येत नाही, तो धोका : कुजलेली फांदी, गवतातली काच, खोल पाणी. असा धोका दूर करणे हे मोठ्यांचेच काम आहे. जी मुलाला समोर दिसते आणि जिच्याशी सामना करावा की माघार घ्यावी हे ते स्वतः ठरवू शकते, ती जोखीम : खडकावर चढणे, उतारावरून पळत येणे, ओंडक्यावरून तोल सावरत जाणे. ही जोखीम मुलाकडेच राहू द्यावी. कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2024 मध्ये जोखमीच्या खेळाला पाठिंबा देताना हाच भेद केला आहे. नॉर्वेच्या अभ्यासिका एलेन सँडसेटर यांनी मुले आपणहून शोधतात अशा थरारक खेळांचे सहा प्रकार नोंदवले आहेत : उंची, वेग, धारदार किंवा अवजड अवजारे, आग-पाण्यासारख्या गोष्टींची जवळीक, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणे. आपले मूल यांतले काय शोधते आहे हे ओळखता आले, तर त्याला ते सुरक्षित प्रमाणात देता येते. उंचीची ओढ असलेल्या मुलाला झाडावर मज्जाव करण्यापेक्षा खाली मऊ माती असलेले, बुटक्या आणि भक्कम फांद्यांचे झाड शोधून द्यावे. मात्र आपण उचलून वर बसवू नये. जेथे मूल स्वतः चढू शकते, तेथून ते बहुधा स्वतः उतरूही शकते.

मूल चढत असताना “सांभाळ!”, “पडशील!” असे ओरडल्याने त्याचे लक्ष पायावरून आपल्याकडे वळते आणि नेमका तेव्हाच तोल जातो. त्यापेक्षा उपयोगी पडेल असे बोलावे : “उजवा पाय कुठे ठेवणार आहेस?”, “ती फांदी हलवून बघ, घट्ट आहे का.” मूल मध्येच अडकले आणि घाबरले, तर धावत जाऊन उचलण्याआधी जवळ उभे राहून पाऊल कोठे टेकवता येईल ते सांगावे. उतरल्यानंतर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते आपण उचलून उतरवल्यावर दिसत नाही.

काही गोष्टींत मात्र तडजोड नाही. पाण्याजवळ लहान मूल असेल, तर मोठे माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर असलेच पाहिजे, कारण लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकते आणि बुडताना बहुधा आवाज होत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला, तर तत्काळ पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नये. झाडाखाली आसरा घेऊ नये. अनोळखी फळ, बी किंवा अळंबी तोंडात घालायची नाही. बिळात किंवा दगडाखाली न पाहता हात घालायचा नाही. साप दिसला, तर जागीच थांबून हळूहळू मागे सरकायचे आणि मोठ्यांना सांगायचे. घरी परतल्यावर साबणाने हात धुवायचे आणि अंगावर गोचीड चिकटली आहे का ते पाहायचे. हे नियम मोजके असल्यामुळेच मूल ते पाळते. ऊठसूट पन्नास गोष्टींना “नाही” म्हटले, तर त्यांतले खरोखर महत्त्वाचे “नाही” त्याला वेगळे ऐकू येत नाही.

सातवी पायरी : हळूहळू पाहायला शिकवा

मूल त्या जागेत रुळले की आपण थोडा पुढाकार घ्यायला हरकत नाही. सर्वांत सोपी सुरुवात मुंग्यांच्या रांगेपासून होते. जमिनीवर पालथे पडून, रांगेत विघ्न न आणता, आधी नुसते पाहावे. समोरासमोर येणाऱ्या दोन मुंग्या मिशांनी एकमेकींना क्षणभर चाचपतात आणि पुढे जातात. एखादी स्वतःपेक्षा मोठा तुकडा ओढत असते. मग रांगेच्या वाटेवर बोट आडवे घासून पाहावे. मुंग्या त्या रेघेशी येऊन थबकतात, इकडेतिकडे फिरतात, काही मागे वळतात, आणि थोड्या वेळाने एखादी पलीकडे पोचली की वाट पुन्हा जुळते. मुंग्या वासाच्या खुणेवर चालतात आणि बोटाने ती खूण पुसली गेली, हे सांगण्याची योग्य वेळ हीच. मुलाने स्वतः काही तर्क केल्यानंतरची.

ओलसर जागेतला मोठा दगड उलटणे हा दुसरा प्रयोग. पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे दगड आपल्या आणि आतल्या प्राण्यांच्या मध्ये राहतो. खाली गांडूळ, स्पर्श होताच वेटोळे करणारा वाणी, गोगलगाय, पांढऱ्या अंड्यांचा पुंजका असे काही ना काही असते. गांडूळ हातावर घ्यायचे असेल, तर हात ओला करावा, कारण ते त्वचेतून श्वास घेते आणि कोरड्या हातावर त्याला त्रास होतो. पाहून झाल्यावर प्राणी आधी बाजूला होऊ द्यावेत आणि दगड अलगद जसाच्या तसा ठेवावा. जीवजंतूंविषयीचा आदर मुलाला सांगून कळत नाही, तो दगड ठेवण्याच्या या हळुवारपणातून कळतो. मूल एखाद्या अळीला काडीने टोचत असेल, तर रागावण्याऐवजी “ती आता काय करते आहे बघ, तिला काय वाटत असेल?” असे विचारावे, बहुतेक मुले तेवढ्यानेच थांबतात.

मातीला हात लावण्याची अनेकांना धास्ती वाटते. फिनलंडमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून टाकली गेली. अवघ्या 28 दिवसांत तेथील तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्तीशी निगडित काही घटकांत चांगला बदल दिसला. अभ्यास लहान होता, तरी मातीत खेळणाऱ्या मुलाला ओरडून उठवण्याआधी तो आठवावा.

मोठ्या मुलांना एक झाड वर्षभर सांभाळायला द्यावे. महिन्यातून एकदा त्याच जागी उभे राहून त्याचे चित्र काढायचे, खोडाचा घेर दोरीने मोजायचा, पाने, कळ्या, फळे, त्यावर येणारे पक्षी यांची नोंद वहीत करायची. शुद्धलेखन तपासू नये आणि वहीला गुण तर कदापि देऊ नयेत.

हवामान, वय आणि इतर अडचणी

पाऊस, थंडी किंवा वारा आहे म्हणून खेळ रद्द करण्याची सवय लागू देऊ नये. विजा, वादळ, पूर, कडक ऊन आणि दूषित हवा ही खरी कारणे आहेत, रिमझिम पाऊस नाही. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. घर उंच इमारतीत असेल आणि रोज खाली उतरणे शक्य नसेल, तर खिडकीतल्या कुंडीत मुलाने स्वतः पेरलेले बी आणि पाखरांसाठी ठेवलेले पाणी यांनी निदान धागा तुटत नाही. बाहेर जाण्याची बरोबरी मात्र त्याने होत नाही.

दोनतीन वर्षांच्या मुलाबरोबर जाताना अंतराचा विचार सोडून द्यावा. शंभर पावलांत अर्धा तास गेला, तर तो अर्धा तास सत्कारणी लागला. आठनऊ वर्षांनंतर मुलांना मित्र हवे असतात, म्हणून शेजारच्या दोनतीन कुटुंबांनी मिळून वेळ ठरवावी. आळीपाळीने एकाच पालकाने थांबले तरी चालते, आणि वेगवेगळ्या वयाची मुले एकत्र असली की मोठी मुले लहानांना सांभाळून घेतात. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी जागा निवडताना वाट तपासावी आणि माती, पाने, पाणी त्याच्या हाताच्या उंचीवर येतील अशी एखादी पेटी किंवा ओटा करावा. गोंगाटाने किंवा स्पर्शाने बिथरणाऱ्या मुलाला गर्दी नसलेल्या वेळी न्यावे आणि चिखलाला हात लावण्याची सक्ती करू नये. काडीने ढवळणे हीसुद्धा सुरुवातच आहे.

खेळ संपवण्याच्या वेळी भांडण होत असेल, तर दहा मिनिटे आधी एकदा आणि दोन मिनिटे आधी पुन्हा सांगावे, अर्धवट राहिलेले खोपटे मोडू नये, आणि उद्या येथेच यायचे आहे हे सांगून ते खरे करावे.